डावी पोटरी

प्लास्टर कापायचं ते गोल पात्याचं यंत्र आवाज फार करतं, पण कातडीला काही होत नाही, असं तिथला मुलगा मला तीनदा म्हणाला. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. उघडले तेव्हा उजव्या पायाशेजारी कुणाचा तरी भलताच पाय ठेवलेला होता. पांढुरका, खपल्या सुटलेला, सहा आठवड्यांचा कोंदट वास असलेला, आणि पोटरीच्या जागी नुसती सैल पिशवी. घरी आल्यावर 84 वर्षांच्या आईने चष्मा पुसला, तो पाय निरखून पाहिला आणि म्हणाली, "अगं, हा तर माझा पाय."

ऐन आषाढात अंगणातल्या शेवाळलेल्या फरशीवर घसरले आणि घोटा मोडला. त्याची कथा एवढीच.

आईने साताऱ्यात 40 वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले. कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तिची एकच रीत आहे, ती टेप काढते. उजवी पोटरी 14 इंच भरली, डावी साडेबारा. गुडघ्याच्या वर चार बोटं सोडून मांडी मोजली, तिथेही दीड इंचाचा फरक. मग तिने मापांची जुनी वही शोधली आणि कुणाच्या तरी छाती-कंबर-बाहीच्या खाली माझ्या दोन पोटऱ्या लिहून ठेवल्या, तारखेसकट.

मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पेशीची आकृती मी डोळे मिटूनही काढू शकते. तरी त्या वहीतले ते दोन आकडे मला काही केल्या सुटेनात. दोन्ही पायांना रक्त पोचवणारं हृदय एकच. सहा आठवडे दोघांनी एकच वरण-भात खाल्ला, भेटायला येणाऱ्यांनी आणलेले कंदी पेढेही दोघांत सारखेच वाटले गेले असणार. संप्रेरकं तीच, वय तेच, नशीबही तेच म्हणा. मग एक पाय माझा राहिला आणि दुसरा आईचा कसा झाला? आजारी माणसाला आपण "खा-पी, ताकद येईल" म्हणतो. खाण्यानेच ताकद येत असती तर त्या पेढ्यांवर माझी डावी पोटरी पैलवानासारखी व्हायला हवी होती.

हाच प्रश्न 1966 मध्ये स्टॉकहोममध्ये दोघांनी सोडवला होता, तोही स्वतःच्या मांड्या पणाला लावून. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन हे दोन डॉक्टर एकाच व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना बसले. एक पायडल एकाच्या एका पायाला, दुसरं दुसऱ्याच्या एका पायाला. दोघांचे दुसरे पाय रिकामे. पार दमेपर्यंत त्यांनी ती सायकल मारली आणि पुढचे तीन दिवस पिठूळ-साखरेचं पोटभर खाल्लं. रोज दोन्ही मांड्यांत जाड सुई खुपसून स्नायूचा कण काढायचा आणि त्यातलं ग्लायकोजेन मोजायचं. ग्लायकोजेन म्हणजे स्नायूने स्वतःसाठी साठवलेली साखर, कणगीतल्या धान्यासारखी. दमलेल्या पायातली कणगी आधी रिकामी झाली होती. तीन दिवसांत ती नुसती भरली नाही, आराम केलेल्या पायातल्या साठ्याच्या दुपटीच्या वर गेली. आराम केलेल्या पायात फारसं काही घडलंच नाही. खाणं एकच, रक्त एकच, इन्शुलिन एकच. जे घडलं ते काम केलेल्या स्नायूच्या आत घडलं.

तो प्रयोग मी पूर्वी वाचला असेल-नसेल, पण एक पाय साडेबारा इंचांचा झाल्यावर वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ दोन्ही पायांकडे बघत बसले.

आणखी एक गंमत आहे. यकृतातली साखर गरज पडली की रक्तात येते, सगळ्या शरीराला मिळते. स्नायूकडे मात्र ती साखर दाराबाहेर सोडणारं विकरच (एन्झाइमच) नाही. एकदा आत गेलेली साखर तिथेच खर्च व्हायची. माझ्या उजव्या मांडीत कितीही साठा असो, त्यातला एक कण ती डाव्या मांडीला साखर म्हणून देऊ शकत नाही. सख्खी जुळी भावंडं, एका घरात, आणि चुली वेगळ्या.

फिजिओथेरपीला जी मुलगी यायची ती माझ्या शेवटच्या बॅचच्या वयाची. "काकू, खुर्चीत बसूनच टाच उचला. दहा वेळा." मला वाटलं, हिला माझी कीव येतेय. तिसऱ्या वेळी टाच अशी थरथरायला लागली की बाजूच्या टेबलावरचा कप वाजला. चौथी उचललीच नाही. "राहू दे काकू, उद्या चार."

मी मनात हिशोब मांडला. मुलांना मी सांगायचे, एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. पण चलन म्हटल्यावर तिजोरी डोळ्यांपुढे येते, आणि इथे तिजोरी नाहीच. पूर्ण जोर लावला तर स्नायूतलं तयार एटीपी दोन-तीन सेकंद पुरतं. सगळ्या शरीरात मिळून ते एका वेळी असतं शे-पन्नास ग्रॅम, आणि दिवसाकाठी आपण वापरतो ते जवळजवळ आपल्या वजनाइतकं. म्हणजे तीच नोट दिवसातून शेकडो वेळा मोडायची आणि पुन्हा बांधायची. साताऱ्याच्या स्टँडवर सुटलेल्या एसटीमागे धावून पाहा. पहिली दोन-तीन पावलं हातातल्या रोकडीवर. त्यानंतरची आठ-दहा सेकंदं क्रिएटिन फॉस्फेटवर, हे म्हणजे शेजारच्या दुकानातून तात्पुरते आणलेले सुटे. तोवर गाडी थांबली तर ठीक. नाही थांबली तर ग्लायकोजेन फोडायला काढावं लागतं, प्राणवायूची वाट न पाहता, घाईघाईत. मग धाप लागते, आणि कंडक्टर दार उघडून "मावशी, बसा आधी" म्हणतो तेव्हा कुठे तंतुकणिकांचं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचं (मायटोकॉन्ड्रियांचं), सावकाश, भरवशाचं काम हिशोब पुरा करतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. 31 वर्षं मी मुलांना शिकवलं की धावल्यावर स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं आणि म्हणून दुसऱ्या दिवशी पाय दुखतात. हे चूक आहे. 1907 मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दमलेल्या बेडकाच्या स्नायूत लॅक्टिक आम्ल वाढतं हे दाखवलं, आणि बिचाऱ्या त्या पदार्थावर दमण्याचा, दुखण्याचा, गोळे येण्याचा सगळा आळ आला. प्रत्यक्षात रक्तात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे त्या आम्लाचंच शरीरातलं रूप, व्यायाम थांबल्यावर तासाभरात पूर्वपदावर येतं. पाय तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात. साताऱ्यात राहून हे मला आधीच कळायला हवं होतं. अजिंक्यताऱ्यावर चढताना दम लागतो, लॅक्टेट वाढतं ते तेव्हा. पण मांड्या धरतात त्या उतरण्याने. उतरताना स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी आवळून धरायला बघत असतो, त्या ओढाताणीत त्याचे बारीक धागे उसवतात. दुखतं ते तिथलं उसवणं आणि पाठोपाठ आलेली दुरुस्तीची धावपळ. गडावर रोज जाणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की उतरणं वाईट. मी मात्र पुस्तक वाचून दाखवत राहिले.

लॅक्टेट हा कचरा तर नाहीच. बर्कलीच्या जॉर्ज ब्रूक्स यांनी 1980च्या दशकात हे लावून धरलं की एका स्नायूतून बाहेर पडलेलं लॅक्टेट दुसरे स्नायू आणि हृदय इंधन म्हणून वापरतात. म्हणजे वर ज्या चुली वेगळ्या म्हणाले, त्यांच्यातही उसनवारी आहे. साखर साखर म्हणून देता येत नाही, पण अर्धी फोडलेली देता येते. तीही काम करणाऱ्या स्नायूनेच द्यायची.

पहिले तीन आठवडे आईच्या टेपमध्ये काहीही हललं नाही. साडेबारा ते साडेबारा. टाचा मात्र तीनवरून पंधरावर गेल्या. आईला हे पटेना, मापात फरक नाही तर फरक कसला? पण सुरुवातीची ताकद स्नायूची नसतेच, मज्जातंतूंची असते. सहा आठवडे बंद पडलेल्या कामाची बोलावणी मेंदू पुन्हा धाडायला लागतो, स्नायूच्या जास्त धाग्यांना एकदम हाक जाते. पेशी नंतर भरतात. स्नायूच्या धाग्यांच्या कडेला चिकटून बसलेल्या काही राखीव पेशी असतात, अलेक्झांडर माउरो यांनी 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत पाहिलेल्या. धागा उसवला की त्या जाग्या होतात, वाढतात आणि आपलं केंद्रक त्या धाग्याला देऊन टाकतात. स्नायूच्या एकेका पेशीत शेकडो केंद्रकं असतात ती अशी. मी फळ्यावर एका पेशीत एकच केंद्रक काढून तासाची घंटा व्हायची वाट बघायचे.

फळ्यावरची माझी तंतुकणिकाही तशीच. शेंगदाण्यासारखा आकार, आत नागमोडी घडी, खाली "पेशीचे ऊर्जाघर". कार्ल बेंडा यांनी 1898 मध्ये तिला नाव दिलं ते ग्रीकमधल्या धागा आणि कण या दोन शब्दांवरून. आपल्या मराठीकाराने त्याचं तंतोतंत तंतुकणिका केलं, आणि मला त्यातला 'तंतू' कधी दिसलाच नाही. स्नायूत त्या सुट्या शेंगदाण्यांसारख्या पडलेल्या नसतात. लांब होतात, एकमेकींना जोडल्या जातात, तुटतात, जुन्या झालेल्या वेगळ्या काढून पेशी त्या पचवून टाकते आणि नव्या घडवते. व्यायामाने ही मोडतोड आणि बांधणी दोन्ही वाढतात.

त्यांची संख्या तरी ठरलेली असावी असं फार काळ वाटत होतं. 1967 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या जॉन हॉलोझी यांनी उंदरांना बारा आठवडे फिरत्या पट्ट्यावर पळवलं, शेवटी शेवटी दिवसाला दोन तासांपर्यंत. त्यांच्या मागच्या पायांच्या स्नायूंत तंतुकणिकांची प्रथिनं सुमारे 60 टक्क्यांनी वाढली, आणि इंधन जाळायची ताकद दुप्पट झाली. हे वाचल्यावर मला माझी थरथरणारी टाच आठवली. पेशीला कळतं कसं की आता जास्त ऊर्जाघरं लागतील? तर गल्ल्यातली चिल्लर बघून. एटीपी मोडत गेलं की उरतात त्याचे तुकडे, आणि त्या तुकड्यांवर नजर ठेवणारं एक विकर पेशीत बसलेलं असतं, एएमपीके नावाचं. चिल्लर फार झाली की ते ओरडतं. साखर आत घ्या, चरबी जाळा, नवीन बांधकामं सध्या थांबवा. त्याची हाक पीजीसी-1 अल्फा या प्रथिनापर्यंत जाते आणि ते केंद्रकात तंतुकणिकांशी संबंधित जनुकं चालू करतं. हे प्रथिन सापडलं ते 1998 मध्ये. तोवर मला शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती आणि पाठ्यपुस्तकात शेंगदाणाच होता.

म्हणजे ज्या क्षणी "आता होत नाही" म्हणून मी टाच टेकवत होते, तो क्षणच निरोप होता. तिथवर पोचलेच नसते तर चिल्लर साचलीच नसती आणि कुणी ओरडलंही नसतं.

तंतुकणिका आईकडूनच येतात, हे मुलींना सांगताना मला नेहमी बरं वाटायचं. मुलाला मिळतात, पण तो पुढे देऊ शकत नाही. माहेराहून आलेली ही एकच गोष्ट अशी, जिच्यावर सासरचं कुणी हक्क सांगत नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मी तर धड दिल्या होत्या. तू पाडल्यास."

साखरेचं आता सांगायला हवं. प्लास्टरआधी माझी उपाशीपोटीची साखर 104 होती, प्लास्टर निघालं तेव्हा 121. डॉक्टर पेढ्यांबद्दल बोलले. पेढ्यांचा दोष होताच, पण सगळा नव्हता. जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. साखर आत घ्यायची दारं, ग्लूट-4 नावाची, एरवी पेशीच्या आत गुंडाळून ठेवलेली असतात, इन्शुलिनची थाप पडली की ती पृष्ठभागावर येतात. पण त्यांना आणखी एक हाक कळते, स्नायूच्या स्वतःच्या आकुंचनाची. चालत्या पायाची दारं इन्शुलिनवाचूनही उघडतात. म्हणून ज्याचं इन्शुलिन नीट काम करत नाही त्याच्याही शतपावलीला अर्थ आहे. उलट पडून राहिलेला स्नायू काही दिवसांतच इन्शुलिनचंही ऐकेनासा होतो. माझा एक पाय सहा आठवडे दार लावून बसला होता, आणि त्याच्या नादाने दुसराही बहुतेक वेळ उशीवर होता.

आपल्या लोकांना हे जास्त झोंबायला हवं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता, शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, दोघेही सडपातळ. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. फोटोखाली त्यांनीच लिहिलं होतं की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटण्याआधी ते गाठणं. सगळा दोष लिफ्टचा नाही, बाळ आईच्या पोटात असतानाच्या कुपोषणाकडेही त्यांचा रोख होता. पण वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन माणसं आतून किती वेगळी, हे दाखवायला त्यांनी शोधलेली युक्ती मला फार आवडली. आमच्याकडे एका बाईचे दोन पाय होते. त्यांच्याकडे दोन माणसं होती.

पडून राहण्याची किंमत किती, याचा सर्वांत कडक हिशोब डॅलसचा आहे. 1966 मध्ये तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. उठले तेव्हा त्यांची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली होती. 30 वर्षांनी तेच पाच जण पुन्हा बोलावले गेले, आता पन्नाशीतले, पोट सुटलेले. त्यांची तपासणी केली तर निघालं असं की त्या तीन आठवड्यांनी त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं 30 वर्षांच्या म्हातारपणानेही केलेलं नव्हतं. मग सहा महिने व्यायाम करून त्यांनी विशीतली, पलंगावर झोपवण्याआधीची क्षमता परत मिळवली, कारण नुकसानाचा मोठा भाग वयाचा नव्हताच.

हे मी आईला वाचून दाखवलं आणि मलाच चमकलं. "हा तर माझा पाय" असं ती त्या दिवशी म्हणाली होती. मी ते म्हातारपणावरचं बोलणं समजले होते. पण माझा पाय सहा आठवड्यांत 84 वर्षांचा झाला असेल, तर तिच्या पायातलं खरं म्हातारपण किती आणि प्लास्टर किती? गेली चार-पाच वर्षं "आई, तू उठू नकोस, मी देते" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणत होते? ते प्लास्टर मीच घातलेलं होतं, मायेने.

बोस्टनमध्ये 1990 साली मारिया फियाटारोने यांनी वृद्धाश्रमातल्या दहा जणांना, सरासरी वय 90, पायाने वजन उचलायला लावलं होतं. आठवडे आठ. एक जण मध्येच थांबला, उरलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचा आकार सुमारे 9 टक्क्यांनी. दोघांनी काठी सोडली. आकड्यांतली तफावत बघा, 174 आणि 9. आईची टेप इथेही गप्पच राहिली असती.

"व्यायाम" म्हटल्यावर आई बधली नाही. तिच्या लेखी व्यायाम म्हणजे तालमीतल्या पोरांचे जोर-बैठका. मग मी एवढंच म्हटलं, कुकर लावलाय, शिट्ट्या तू मोज, आणि प्रत्येक शिट्टीला खुर्चीतून उठून परत बस. पहिल्या दिवशी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रेटून ती तीन वेळा उठली आणि डाळ कच्ची राहिली म्हणून चिडली. हल्ली एक हात पुरतो. शिट्ट्या तीनच होतात, तेव्हा मधल्या वेळातही ती उठते-बसते, मी बघत नाहीये असं समजून.

माप अजून दर संकष्टीला घेतलं जातं, चंद्रोदयाची वाट बघत बसलेलो असतो तेव्हा. परवा डावी पोटरी पावणेचौदा भरली. वहीत वरच्या ओळीत उजवी 14 आहे.

"पाव इंच राहिलंच की," मी म्हटलं.

"पाव इंच शिवणीत जातं," आई म्हणाली आणि टेप गुंडाळायला लागली. मी तिच्या पोटरीकडे हात केला तेव्हा तिने लुगड्याचा काठ खाली ओढला. "माझं माप नको. माझं लिहिलंय मी." वही उघडून पाहिली तर माझ्या आकड्यांच्या समोर, तिच्या बारीक अक्षरात, छाती नाही, कंबर नाही, नुसतं होतं: उठणे 11.